सहा सूत

सर्व संबंधितांस, तसेच ज्यांचा काडीचाही संबंध नाही पण ऐकायला आवडतं अशा समस्त जनांस, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की प्रस्तुत लेखिका, वय त्या वेळी एकोणपन्नास, शिक्षण एम.ए. बी.एड., विषय संस्कृत, हिने पनवेलमधल्या एका मराठी शाळेत नववी-दहावीच्या मुलांना नळजोडणी शिकवलेली आहे. ज्यांना हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्यावं. पुढेही संधी मिळेल, पण तोवर माझी बाजू कळलेली असेल आणि तुमची तुम्हालाच जरा लाज वाटेल.

माझ्या संस्कृतच्या वर्गात एके काळी चाळीस मुलं असायची. त्यांचं संस्कृतवर प्रेम होतं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या आईवडिलांना ‘संस्कृत स्कोरिंग असतं’ हे एक सुभाषित पाठ होतं, तेवढ्यावर माझं घर चालत होतं. पुढे ही सगळी नोकरदार घरं नवीन पनवेलच्या इंग्रजी शाळांकडे वळली आणि सुभाषितही बरोबर घेऊन गेली. आमच्याकडे राहिली ती गव्हाणकडून एसटीनं येणारी, तळोज्याच्या शिफ्टवाल्यांची, गवंड्यांची मुलं. त्यांच्यात संस्कृत घेणारी नऊ उरली. तेवढ्यात वरून पत्र आलं, की नववीपासून तिसऱ्या भाषेच्या जागी व्यवसाय विषय घेता येईल. नवातली पाच तिकडे गेली. राहिलेल्या चारांपैकी दोघं केवळ माझ्या वर्गातला पंखा चालू होता म्हणून राहिली, हे त्यांनी मला नंतर स्वतःच सांगितलं.

मुख्याध्यापकांनी बोलावून घेतलं. हे सद्गृहस्थ वाईट बातमी देण्याआधी टेबलावरचा पेपरवेट फिरवायचे. पेपरवेट फिरायला लागला की आम्ही शिक्षक मनातल्या मनात रामरक्षा सुरू करायचो.

“बाई,” ते म्हणाले, “तुम्ही अतिरिक्त.”

ज्यांच्या घरात शिक्षक नाहीत त्यांच्यासाठी सांगते, हा शब्द शिक्षकाच्या कानात मृत्यूच्या घंटेसारखा वाजतो. मुलं कमी झाली की शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतो आणि जिल्ह्यात जिथं जागा असेल तिथं त्याला पाठवतात. मी तरीही सवयीनं म्हणून गेले, “सर, अति अधिक रिक्त. म्हणजे खरं तर फारच रिकामी.”

“रिकामी जागा पोलादपूरला आहे,” ते म्हणाले.

पनवेलहून पोलादपूर एसटीनं चार तास. म्हणजे रोज जाऊन येणं अशक्य, तिथं खोली घेऊन राहायचं. इकडे मुलगा पुढच्या वर्षी बारावीला आणि नवऱ्याचा चहासुद्धा मी सांगेन तेव्हाच उकळतो. मी रडण्याच्या बेतात होते, पण पेपरवेट उलट्या दिशेनं फिरायला लागला.

“एक उपाय आहे. व्यवसाय विषयाला समन्वयक लागतो. शाळेतलाच. तुमचे तास मोकळेच आहेत.”

“विषय कोणता, सर?”

“नळजोडणी.”

“पण विज्ञानवाले सर...”

“त्यांची पाठ दुखते.”

सकाळी मी त्या विज्ञानवाल्या सरांना स्टाफरूमचं कपाट एकट्यानं सरकवताना पाहिलं होतं. पाठ बहुधा दहानंतर दुखायला लागली असावी.

अट मात्र स्पष्ट होती. पहिली तुकडी दहावीच्या प्रात्यक्षिकात पास झाली तर अभ्यासक्रम चालू राहणार आणि मी पनवेलला. तुकडी आपटली तर केंद्र बंद आणि मी पोलादपूरला. ज्या बाईनं आयुष्यात नळाला हात लावला तो फक्त सोडायला आणि बंद करायला, तिचं पुढचं सगळं आयुष्य अकरा मुलांच्या पाइप जोडण्यावर लटकलं.

समन्वयकानं शिकवायचं नसतं, हे मला तेव्हा चारचारदा सांगण्यात आलं. शिकवायला एजन्सीनं नेमलेला प्रशिक्षक येणार होता, आणि तो आलाही. पन्नाशी उलटलेला, करंज्याच्या कोळीवाड्यातला माणूस. तळोज्याला एका केमिकल कारखान्यात त्यानं तीस वर्षं पाइप फिटर म्हणून काढली होती. मुलं त्याला फिटरकाका म्हणायची, मग मीही म्हणायला लागले. “बाई, नाक कारखान्यात गेलं माजं,” पहिल्याच दिवशी त्यानं सांगितलं. “वास कसलाच नाय येत. आता घरान सुकट जळली तरी बायको म्हंते, तुमाला काय त्याचं! पन हात हायत.”

आणि काय हात होते! जुन्या सायकलस्टँडच्या शेडमध्ये आमची कार्यशाळा. तिथं तो पाइप शिकंज्यात आवळायचा, डाय चढवायचा, तेलाचे दोन थेंब सोडायचा आणि असे काही आटे पाडायचा की बघत राहावं. मग त्या आट्यांवर सूत गुंडाळायचं, सफेदा फासायचा आणि वर सॉकेट पिळायचा. झाली जोडणी, एक थेंब गळणार नाही. टेफ्लॉनच्या पांढऱ्या टेपचा त्याला मनस्वी तिटकारा. “ती पट्टी म्हंजे जखमेवर स्टिकर,” तो म्हणायचा.

सगळं सुरळीत चाललं असतं, पण पुस्तक आलं.

ते पुस्तक मी अजून जपून ठेवलं आहे. मराठी माध्यमासाठी म्हणून कुणीतरी ते मराठीत आणलं होतं. कोणी, ते ठाऊक नाही. पण तो माझा विद्यार्थी असता तर मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले असते आणि वर्गाबाहेर उभं केलं असतं. फिटरकाका पुस्तक हातभर लांब धरून शेडच्या दाराशी यायचा.

“बाई, ह्यो ‘अंतःसूत्रित नलसंयोजक’ कोन?”

मी स्टाफरूममधून उठून यायचे. अंतः म्हणजे आत. सूत्रित म्हणजे सूत्र असलेला, दोऱ्यासारखी फिरत जाणारी रेघ असलेला, म्हणजे आटे. संयोजक म्हणजे जोडणारा. आतून आटे असलेला, नळ जोडणारा.

“सॉकेट!” फिटरकाका खेकसायचा. “मंग सॉकेट लिवायला काय जालं त्याला? हात मोडला?”

असे आम्ही दोघं महिनाभर बसलो. मी शब्द फोडायचे, तो वस्तू उचलून दाखवायचा. मराठी पुस्तकाचं मराठीत भाषांतर करण्यासाठी सरकारमान्य संस्कृत शिक्षिका, हा प्रयोग दुसऱ्या कुठल्या राज्यात झाला असेल असं वाटत नाही. ‘समकोणीय वक्रखंड’ म्हणजे एल्बो निघाला. मुलांनी त्याचं तत्काळ ‘वक्रतुंड’ केलं. मग शेडमधून सारखे आवाज, “ए, एक वक्रतुंड फेक रे इकडं!” मुख्याध्यापकांनी एकदा ऐकलं आणि देवाचं नाव असं फेकाफेकीत घेऊ नये यावर प्रार्थनेच्या वेळी दहा मिनिटं भाषण केलं. शेवटपर्यंत त्यांना कळलं नाही, की फेकलं जात होतं ते लोखंड होतं.

अकरा जणांत एक मुलगी होती, गव्हाणची. एकटीच मुलगी. तिला विचारलं, हाच विषय का घेतलास? तर म्हणाली, “बाई, तिकडं उलव्याला टॉवरच टॉवर उठतायत. विमानतळासाठी डोंगर फोडतात, सुरुंगानं आमच्या घरातली भांडी पडतात. येवढी मानसं येनार, तर नळ गळनारच ना.” आजा गवंडी, बाप गवंडी. जगातल्या प्रत्येक गोष्टीवर ती वाद घालायची. मुख्याध्यापकांशी गणवेशावरून, फिटरकाकाशी पाना धरण्यावरून, कंडक्टरशी तर रोज. एकाच गोष्टीवर तिचा वाद नसे, ती म्हणजे फळा. फळ्यावर जे लिहिलं ते तिच्या वहीत जसंच्या तसं जायचं, खाली दोन रेघा मारून. एकदा मी चुकून कालचीच तारीख लिहिली, तर तीही उतरली. मी म्हटलं, “अगं, आज कितवा दिवस आहे तुला माहीत नाही?” तर म्हणाली, “म्हायती हाय ना. पन फळ्यावर तसं हाय.”

हे लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

मुलं दहावीत गेली, आणि त्या वर्षी डिसेंबर संपता संपता एजन्सीचं कंत्राट संपलं. नवं कंत्राट ‘प्रक्रियेत’ होतं. ही प्रक्रिया म्हणजे काय, हे मी एजन्सीच्या माणसाला फोनवर विचारलं, तर तो म्हणाला, “मॅडम, प्रोसेसमध्ये आहे.” मी म्हटलं, “हो, पण प्रोसेस कशात आहे?” फोन कट. फिटरकाका बिचारा शेवटच्या दिवशी हत्यारं पुसून, पेटीत मांडून, कुलपाची किल्ली माझ्या हातात देऊन करंज्याला भावाच्या बोटीवर गेला. प्रात्यक्षिक फेब्रुवारीत. प्रशिक्षक नाही. मी मुख्याध्यापकांकडे गेले. पेपरवेट फिरला.

“बाई, तुम्ही समन्वयक आहात ना? मग समन्वय करा.”

“कुणाशी, सर? खोलीत मी एकटीच आहे.”

“मग सोपंच आहे.”

अशा रीतीने, पदर खोचून, मी पाइपला भिडले. मुलांचे हात फिटरकाकानं तयार केलेलेच होते. आटे पाडण्यात मला काही सांगायचं नव्हतं, उलट ती मुलंच मला “बाई, साडी सांभाळा” म्हणून सांगायची. माझ्याकडे फक्त सराव करून घेण्याचं काम होतं. पण सराव कशाचा? परीक्षेत येणार काय? शेवटी मी फिटरकाकाला फोन लावला. तो नेमका करंज्याच्या बंदरावर, मासळीच्या लिलावाच्या ऐन गर्दीत उभा.

“फिटरकाका, परीक्षेत काय येईल हो?”

“काय येल? सहा सूत येल! दर टायमाला सहा सूतच... ए, बरफ टाक, बरफ! बघतोस काय तोंडाकडं?... तुमाला नाय बाई.”

“सहा सूत?”

“सहा सूत. पोरांना सहा सूताची सवय करा, बास. चार सूत काय, कोनपन करील.”

मी शिक्षिका. खात्री करून घेतल्याशिवाय माझं समाधान होत नाही. “सहाच ना नक्की? पाच नाही, सात नाही?”

कोळणींच्या कलकलाटावर आवाज चढवून तो ओरडला, “पाच? सात? आवो बाई, सात कुठनं आनता? नळान चार असतंय, नायतर सहा, नायतर आठ! ठेवतो, आमचा माल लागला!”

मी फोन ठेवला आणि मला, देवाशपथ सांगते, एखादं गूढ उकलल्यासारखं वाटलं. सूत! आट्यांवर गुंडाळतात ते सूत. चार वेढे कोणीही घालेल, परीक्षेत सहा लागतात, आणि मोठ्या कामाला आठ. नेहमी सम संख्या. देवाधर्माच्या गोष्टी विषम संख्येत असतात, नळाचं शास्त्र समावर चालतं, किती सुंदर! शिवाय पुस्तकातही जिकडेतिकडे सूत्र, सूत्रित, बहिःसूत्रित. सूत्रावरून प्राकृतात सुत्त, सुत्तावरून मराठीत सूत. व्युत्पत्ती अगदी बिनचूक होती. पाइप चुकला, एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर चौकट आखून लिहिलं: ‘सहा सूत: जोडणीस सुताचे सहा वेढे घ्यावेत. (सम संख्या आवश्यक.)’

अकराच्या अकरा मुलांनी माझ्याकडे पाहिलं. मग एकमेकांकडे पाहिलं. गव्हाणच्या मुलीनं तोंड उघडलं, फळ्याकडे पाहिलं, आणि मिटलं. दोन रेघा मारून उतरवून घेतलं.

पुढचे पाच आठवडे आम्ही अर्ध्या इंची पाइपवर सराव केला, कारण शाळेत तेवढाच होता. वेढे मोजताना गोंधळ व्हायचा, कोणी पाच घालायचा, कोणी आठ. म्हणून मी त्यांना संस्कृतात मोजायला लावलं. माझा तेवढाच सूड होता त्या अभ्यासक्रमावर. शेडमधून खणखणीत आवाज यायचा: “एकम्, द्वे, त्रीणि, चत्वारि, पञ्च, षट्!” आणि ‘षट्’ला सगळे मिळून सॉकेट पिळायचे. संस्कृत सोडून गेलेली पाच मुलंही त्यात होती. संख्यावाचक विशेषणांची नपुंसकलिंगी रूपं त्यांना शेवटी नळानं शिकवली.

एकच गोष्ट मला खटकायची. फिटरकाका जाताना पेटीत नवे कोरे सॉकेट ठेवून गेला होता, ते आमच्या पाइपला ढिले व्हायचे, पाइपभोवती नुसते फिरायचे; म्हणून सराव जुन्याच सॉकेटवर चालायचा. चुकीच्या मापाचा माल पुरवल्याबद्दल मी एजन्सीला दोन कडक पत्रं लिहिली. ‘आपल्या निष्काळजीपणाचा विद्यार्थ्यांच्या भवितव्यावर परिणाम होत आहे’ असं एक वाक्य त्यात होतं. फार झोकदार पत्रं होती. कोणाकडे असतील तर कृपया नष्ट करावीत.

परीक्षेचा दिवस आला. बहिस्थ परीक्षक म्हणून आलेले गृहस्थ हडकुळे, शर्टाच्या खिशात स्टीलची पट्टी, आणि बोलणं म्हणाल तर “हं.” चहा घेणार? “हं.” प्रवास ठीक झाला? “हं.” मुख्याध्यापक त्यांच्यासमोर इतके वाकले, की घामाघूम होऊन केबिनमध्ये जाऊन बसले आणि बऱ्याच वेळानं मागच्या मोरीत तोंड धुवायला गेले. परीक्षकांनी दहाला पाकीट फोडलं. मी वाचलं.

‘२० मिमी व्यासाचा जीआय पाइप कापून, आटे पाडून, सॉकेटने जोडून, गळतीविरहित जोडणी करून दाखवा. तीन गट.’

वीस मिमी? मी कपाट उघडलं. आमच्या पाइपवर शिक्का होता पंधराचा. अर्धा इंच म्हणजे पंधरा. मी दुसरं कपाट उघडलं. तिथंही पंधरा. मी शेडच्या मागे गेले आणि फोन लावला.

“फिटरकाका, वीस मिमी आलंय!”

“मंग? सांगितलं व्हतं ना, सहा सूत.”

“अहो सूत नाही, पाइप! पाइप वीस मिमीचा मागितलाय!”

“तेच तर सांगतो, बाई. एक सूत म्हंजे इंचाचा आठवा हिस्सा. चार सूत म्हंजे अर्धा इंच. सहा सूत म्हंजे पाऊन इंच, तोच वीस मिमी. सॉकेट पन तेच ठेवलेत मी पेटीत. तुमी काय समजलात?”

मी काय समजले होते ते मी त्याला सांगितलं नाही. आजतागायत सांगितलेलं नाही.

परत आले तर परीक्षक घड्याळ बघत होते. हार्डवेअरचं दुकान दहा मिनिटांवर, पण ते उघडायचं साडेदहाला. आणि दुकान उघडं असतं तरी खरेदीला मुख्याध्यापकांना तीन दरपत्रकं लागायची. एकदा खडूच्या पेटीसाठीही त्यांनी तीन मागवली होती. परीक्षक त्या दिवसातलं आपलं पहिलं लांब वाक्य बोलले.

“साहित्य दहा मिनिटांत टेबलावर आलं पाहिजे. नाहीतर मला ‘केंद्रावर साहित्य उपलब्ध नाही’ असा शेरा लिहावा लागेल.”

शेरा म्हणजे तुकडी नापास. तुकडी नापास म्हणजे केंद्र बंद. मला शेडच्या पत्र्यातून थेट पोलादपूरचा एसटी स्टँड दिसायला लागला. आणि तेवढ्यात गव्हाणची ती मुलगी, शेडच्या मागच्या भिंतीकडे बोट दाखवून, अगदी सहज म्हणाली, “बाई, ह्यो काय सहा सूत.”

शाळेच्या गच्चीवरच्या टाकीतून खाली येणारी पाण्याची लाइन. वर व्हॉल्व्ह, खाली युनियन म्हणजे खोलता येणारा सांधा, मध्ये दहा फूट सरळ उभा, गुबगुबीत, पाऊण इंची पाइप.

तिला कसं माहीत, हे विचारायची ती वेळ नव्हती. मी परीक्षकांकडे पाहिलं. ते म्हणाले, “हं.” या ‘हं’चा अर्थ ‘हो’ असाच घ्यायचा, असं मी ठरवलं. मी मान हलवली. डोळ्यांसमोर पोलादपूर असलं की शाळेची मालमत्ता दिसत नाही.

एक मुलगा माकडासारखा गच्चीवर गेला आणि व्हॉल्व्ह बंद केला. दोघांनी युनियन खोललं. अख्खी लांबी भिंतीवरून उतरून शेडमध्ये आली. तिचे चार तुकडे झाले, म्हणजे तीन गटांना तीन सांधे. डायचं दुसरं माप निघालं. तेल, घर्र घर्र आवाज, चकचकीत कीस खाली पडतोय. आणि पेटीतले ते ‘चुकीच्या मापाचे’ सॉकेट त्या पाइपवर असे बसले, असे बसले, की एजन्सीची मनातल्या मनात माफी मागणं भाग पडलं. आयुष्यात एकदाच मागितली.

मग सूत निघालं. मी डोळ्यांनी खुणावत होते, मोजू नका, आज मोजू नका. पण पाच आठवड्यांची सवय.

“एकम्, द्वे, त्रीणि,” अकरा आवाज एकदम, “चत्वारि, पञ्च...”

“पाणी!” केबिनच्या बाजूनं आरोळी आली. “अरे कोण आहे तिकडे! पाणी गेलं!”

“षट्!”

मुख्याध्यापक शेडच्या दारात उभे. खांद्यावर टॉवेल, कपाळापासून हनुवटीपर्यंत बादलीतल्या उरल्यासुरल्या पाण्यावर फासलेला चंदनाच्या साबणाचा फेस, एक डोळा बंद. उघड्या डोळ्यानं त्यांनी आधी रिकामी भिंत पाहिली. मग शिकंज्यात अडकलेली शाळेची लाइन पाहिली. मग परीक्षकांना पाहिलं आणि तशा अवस्थेतही कमरेत वाकले.

“बाई,” ते फेसातून म्हणाले, “हे काय चाललंय?”

“समन्वय, सर.”

जोडलेला पाइप परत भिंतीवर चढला. सॉकेटमुळे लांबीत पडलेला थोडा फरक मुलीनं युनियनपाशी सांभाळून घेतला. तिनं वर हाक मारली, “सोड रे!” टाकीतून पाणी सुटलं. पाइपात गडगडलं, खोकलं, आणि केबिनमागच्या मोरीत धो धो पडल्याचा आवाज आला. मुख्याध्यापक तिकडे पळाले. परीक्षकांनी खिशातून टिपकागदाचा तुकडा काढून तिन्ही सांध्यांखाली एकेक करून धरला. दोन मिनिटं, तीन मिनिटं. कागद कोरडा. बोट फिरवलं. बोट कोरडं.

“हं,” ते म्हणाले, आणि या वेळी अगदी किंचित हसले. “आता फक्त तोंडी. एक प्रश्न, एका विद्यार्थ्याला. त्याचे गुण धरूनच तुकडीचा निकाल.”

इथं मी थोडं पुढचं सांगून टाकते, कारण माझं पुढे काय झालं असं विचारणारे भेटतात. मी पोलादपूरला गेले नाही. अभ्यासक्रम चालला, फिटरकाका नव्या कंत्राटावर परत आला, ती उतरवून चढवलेली लाइन अजून गळत नाही आणि मुख्याध्यापक निवृत्त होईपर्यंत तोंड धुण्याआधी मला विचारून घ्यायचे. पण त्या सकाळी यातलं काहीच मला माहीत नव्हतं. माझं सगळं एका प्रश्नावर आलं होतं आणि परीक्षक टेबलावरची एक वही चाळत होते. गव्हाणच्या मुलीची. एका पानावर ते थांबले. तिथं चौकट होती, चौकटीखाली दोन रेघा. त्यांनी ती वाचली, मान वर करून शेडमधल्या फळ्यावर तीच चौकट वाचली, कारण ती पुसायचं मला सुचलं नव्हतं. मग त्यांनी वही मिटली आणि नेमका तिलाच विचारलं, “सांग बघू, सहा सूत म्हणजे काय?”

गवंड्याची नात. खेळण्यांऐवजी पट्टी आणि ओळंबा घेऊन वाढलेली. तिला ते माहीत होतं, पहिल्या दिवसापासून माहीत होतं, अकराही जणांना माहीत होतं. त्यांना वाटलं होतं, बाई संस्कृतच्या आहेत, त्यांच्याकडे आणखी काहीतरी वरचं शास्त्र असणार. तिनं परीक्षकांकडे पाहिलं. फळ्याकडे पाहिलं. एका कानात अजून साबण असलेले मुख्याध्यापक दारात येऊन उभे राहिले होते, त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, फार वेळ, फार मायेनं. आणि मोठ्यानं म्हणाली:

“सर, खरं काय हाय ते सांगू, का बाईंनी फळ्यावर लिवलंय ते?”